डिफिब्रिलेटर कोणाला? ईसीजीच्या पट्टीत उत्तर शोधण्याचा इतिहास

छातीत बसवलेला डिफिब्रिलेटर वर्षानुवर्षे नुसता हृदयाचे ठोके मोजत राहतो. हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी थरथरू लागले, म्हणजेच व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन सुरू झाले, की रक्ताभिसरण थांबते आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. अशा वेळी हे यंत्र आपणहून विजेचा झटका देते, थरथर थांबते आणि ठोके पुन्हा लयीत पडू लागतात. ज्याच्यावर ही वेळ येते त्याचा तो पुनर्जन्मच. पण हार्ट अटॅकनंतर खबरदारी म्हणून हे यंत्र बसवलेल्या बहुतेकांना पुढच्या काही वर्षांत त्याची गरज पडत नाही. त्यांच्या वाट्याला शस्त्रक्रिया येते, काही वर्षांनी बॅटरी संपली की पुन्हा शस्त्रक्रिया येते, कधी तारेला जंतुसंसर्ग होतो, आणि कधी यंत्राचा अंदाज चुकून पूर्ण शुद्धीत असताना झटका बसतो. छातीवर घोड्याने लाथ मारावी तसे त्याचे वर्णन रुग्ण करतात. त्यामुळे यंत्र कोणाला बसवायचे हा प्रश्न यंत्राइतकाच महत्त्वाचा ठरला. त्याचे उत्तर ईसीजीच्या पट्टीत दडलेले असावे, अशी आशा हृदयतज्ज्ञांनी चाळीस वर्षे बाळगली.

यंत्राची कल्पना मिशेल मिरोव्स्की यांची. ते 1924 मध्ये वॉर्सात जन्मले. महायुद्ध सुरू झाले तेव्हा पंधरा वर्षांचा हा मुलगा एकटा घराबाहेर पडला आणि वाचला. मागे राहिलेल्या कुटुंबातले कोणी वाचले नाही. फ्रान्समध्ये ल्यों येथे वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते इस्रायलमध्ये डॉक्टरी करू लागले. तिथले त्यांचे वरिष्ठ हॅरी हेलर यांना 1966 पासून हृदयाची गती एकाएकी अनावर वाढण्याचे झटके येऊ लागले, आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्या काळी अशा माणसाला वाचवण्याचा एकच मार्ग होता: त्याला कायम रुग्णालयात, डिफिब्रिलेटरशेजारी ठेवणे. तो डिफिब्रिलेटर म्हणजे ढकलत न्यावी लागणारी पेटी. तीच लहान करून माणसाच्या शरीरात का बसवू नये, हा विचार घेऊन मिरोव्स्की 1968 मध्ये अमेरिकेत, बाल्टिमोरच्या सायनाय रुग्णालयात आले. तिथे मॉर्टन मोवर हे जोडीदार मिळाले आणि 1969 मध्ये पहिला कच्चा नमुना तयार झाला.

वैद्यक जगताने मात्र पाठ फिरवली. ज्या बर्नार्ड लाऊन यांनी छातीवरून देण्याचा आधुनिक विद्युतझटका रूढ केला, त्यांनीच 1972 मध्ये एका नामांकित नियतकालिकात या कल्पनेवर कठोर टीका केली. त्यांचा आक्षेप होता की हे यंत्र सदोष तर आहेच, शिवाय ते नेमके कोणासाठी आहे हेही स्पष्ट नाही. मिरोव्स्कींनी उत्तर कृतीने दिले. यंत्र बसवलेल्या कुत्र्याच्या हृदयात मुद्दाम फिब्रिलेशन घडवून त्यांनी चित्रफीत काढली. कुत्रा कोसळतो, यंत्र झटका देते, आणि कुत्रा उठून शेपूट हलवू लागतो. कुत्र्याला पडायला आणि उठायला शिकवले असेल, अशी शंका घेणारेही निघाले. तेव्हा पुढच्या चित्रफितीत कुत्र्याबरोबर त्याचा ईसीजीही दिसेल अशी व्यवस्था झाली. 4 फेब्रुवारी 1980 रोजी बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शल्यविशारद लेव्ही वॉटकिन्स यांनी 57 वर्षांच्या एका स्त्रीला जगातला पहिला डिफिब्रिलेटर बसवला. यंत्र पाव किलोच्या आसपास वजनाचे होते. ते पोटात ठेवावे लागे आणि हृदयाला तारा जोडण्यासाठी छाती उघडावी लागे. 1985 मध्ये अमेरिकी सरकारने त्याला मान्यता दिली.

सुरुवातीचे रुग्ण निवडण्यासाठी कोणत्याही चाचणीची गरज नव्हती. हृदय बंद पडून दोनदा मरणाच्या दारातून परत आलेल्यांनाच यंत्र मिळे. लाऊन यांचा दुसरा आक्षेप मात्र तसाच उभा होता, कारण हृदय पहिल्यांदा बंद पडते तेव्हाच बहुतेक माणसे दगावतात. खरा उपयोग व्हायचा तर ती वेळ येण्याआधीच माणूस हेरायला हवा होता.

हेरण्याचे साधन हाताशी होते. लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी 1887 मध्ये शरीराच्या बाहेरून हृदयाची वीज टिपली होती, आणि नेदरलँड्समध्ये लायडनच्या विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्यासाठी अचूक यंत्र बनवले होते. ते सुमारे 270 किलो वजनाचे होते आणि चालवायला पाच माणसे लागत. आलेखातल्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे आइंटहोव्हेन यांचीच. क्यूआरएस म्हणजे खालचे कप्पे आकुंचनासाठी विजेने भारले जातात तो टोकदार चढ. टी म्हणजे ते पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होतात तो त्यामागचा बुटका उंचवटा. पुढे अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नॉर्मन होल्टर यांनी पाठीवर वाहून न्यायचे रेडिओ-यंत्र बांधले. त्याचे पहिले रूप जवळपास 38 किलोंचे होते. लहान होत होत त्यातूनच चोवीस तास अंगावर बाळगता येणारा होल्टर मॉनिटर आला. आता हृदय दिवसभर काय करते ते दिसू लागले, आणि हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांच्या आलेखात मध्येच पडणारे आगंतुक ठोके मोठ्या संख्येने आढळू लागले.

ज्यांच्यात असे ठोके जास्त, त्यांच्यात मृत्यूही जास्त, हे निरीक्षण खरे होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घातक ठरला. ठोके औषधाने दाबले की मृत्यू टळेल, असे गृहीत धरून एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे सर्रास दिली जाऊ लागली. कास्ट नावाच्या चाचणीत ती खोट्या गोळीशी ताडून पाहिली गेली आणि 1989 मध्ये तो भाग घाईने थांबवावा लागला. औषध घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 मरण पावले. खोटी गोळी घेणाऱ्या 743 जणांपैकी 26. आलेख सुधारला होता आणि माणसे मरत होती. एखादी खूण धोक्याबरोबर दिसते याचा अर्थ ती पुसली की धोका पुसला जातो असा होत नाही, हा धडा फार महागात मिळाला.

तोवर पट्टीचे वाचन बरेच बारीक झाले होते. फिलाडेल्फियात मायकेल सिम्सन यांनी 1981 मध्ये शेकडो ठोक्यांची सरासरी काढून क्यूआरएसच्या शेपटाशी लपलेली क्षीण कंपने दाखवली. अटॅकमुळे स्नायूत पडलेल्या व्रणातून वीज रखडत जाते, तिचा हा माग. व्रणाच्या वेड्यावाकड्या वाटांवर वीज गोल गोल फिरू लागली की घातक गती सुरू होते, म्हणून ही खूण तर्काला धरून होती. दुसरी खूण याहून साधी. निरोगी हृदयाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडत नाहीत. श्वासाबरोबर, विचारांबरोबर दोन ठोक्यांमधले अंतर किंचित कमीजास्त होत राहते. 1987 मध्ये रॉबर्ट क्लायगर यांनी अटॅकमधून वाचलेल्या 808 रुग्णांचे होल्टर आलेख तपासले. ज्यांच्यात ही चंचलता फारच कमी, त्यांच्यात मृत्यूचा धोका चंचलता भरपूर असलेल्यांच्या पाचपट निघाला.

दोन्ही खुणा डिफिब्रिलेटरच्या मोठ्या चाचण्यांमध्ये वापरल्या गेल्या आणि दोन्हींनी निराशा केली. पहिलीचा वापर कॅबग-पॅच या चाचणीत झाला. बायपास होणार असलेल्या 900 रुग्णांची निवड कमकुवत हृदय आणि सरासरी काढलेल्या ईसीजीतील दोष यांवरून झाली, आणि निम्म्यांना शस्त्रक्रियेतच डिफिब्रिलेटर बसवला. 1997 मध्ये निकाल आला तेव्हा यंत्र असलेल्यांत 101 मृत्यू होते, नसलेल्यांत 95. दुसरी खूण डायनामिट चाचणीत आली. तिथे अटॅकनंतर चाळीस दिवसांच्या आत, हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी आणि ठोक्यांची चंचलताही घटलेली किंवा सरासरी नाडी वाढलेली, अशा 674 जणांवर प्रयोग झाला. 2004 मध्ये जाहीर झालेला त्याचा निकाल या साऱ्या इतिहासात सर्वात बोलका आहे. लय बिघडून होणारे मृत्यू यंत्राने निम्म्याहून कमी केले, आणि तेवढ्याच प्रमाणात इतर कारणांनी होणारे मृत्यू वाढले. एकूण हिशेब 62 विरुद्ध 58, म्हणजे जवळजवळ बरोबरीचा.

थकलेल्या, झिजलेल्या हृदयाचा माणूस दोन तऱ्हांनी जाऊ शकतो. त्याची लय एकाएकी बिघडते, किंवा पंप हळूहळू निकामी होत जातो. डिफिब्रिलेटर पहिल्या मृत्यूला अडवतो. दुसऱ्यापुढे त्याचे काही चालत नाही. ठोक्यांची चंचलता घटली की माणूस आजारी आहे हे कळते, पण तो यातल्या कोणत्या वाटेने जाईल ते कळत नाही. धोका ओळखणे आणि यंत्राचा फायदा ओळखणे ही दोन वेगळी कामे आहेत. संशोधकांना हे तत्त्वतः माहीत होते, तरी चाचण्या आखताना दोन्हींची गल्लत पुन्हा पुन्हा होत राहिली.

याच काळात दुसऱ्या एका साध्या मोजमापाने बाजी मारली. ते म्हणजे पंपिंग, डॉक्टरांच्या भाषेत इजेक्शन फ्रॅक्शन: दर ठोक्याला डावा कप्पा आपल्यातले किती टक्के रक्त बाहेर ढकलतो. रॉचेस्टरच्या आर्थर मॉस यांनी 1996 मधल्या मॅडिट चाचणीत कमी पंपिंगबरोबर आलेखात घातक गतीचे छोटे झटके आणि प्रयोगशाळेत तार घालून ती गती चेतवता येणे, असे कडक निकष लावले होते. अवघ्या 196 रुग्णांत यंत्र नसलेल्यांचे 39 आणि असलेल्यांचे 15 मृत्यू झाले. 2002 च्या मॅडिट-2 मध्ये त्यांनी बाकी सगळे निकष सोडून दिले. जुना अटॅक आणि 30 टक्के किंवा त्याहून कमी पंपिंग, एवढेच पुरेसे. 1232 रुग्णांत मृत्यूचे प्रमाण 19.8 टक्क्यांवरून 14.2 टक्क्यांवर आले. तीन वर्षांनी गस्ट बार्डी यांच्या 2521 रुग्णांच्या चाचणीने अटॅक न येताही हृदय कमकुवत झालेल्यांना यात सामील केले. आता 35 टक्के किंवा त्याहून कमी पंपिंगचा जवळजवळ प्रत्येक जण उमेदवार होता, आणि आधीच्या चाचण्यांतले आकडेच सांगत होते की एका माणसाला वाचवण्यासाठी दहाबारा किंवा त्याहून अधिक जणांना यंत्र लावावे लागेल.

मॅडिट-2 नंतरच हा खर्च सरकारी तिजोरीला पेलेनासा झाला होता, आणि ईसीजी पुन्हा पुढे आला होता. अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी विम्याने, मेडिकेअरने, 2003 मध्ये ठरवले की मॅडिट-2 सारख्या रुग्णांपैकी ज्यांचे क्यूआरएस 120 मिलिसेकंदांहून रुंद आहे त्यांनाच यंत्राचे पैसे मिळतील. पट्टीवर 120 मिलिसेकंद म्हणजे तीन बारीक चौकोन. त्या तीन मिलिमीटरांवर हजारो लोकांचा निर्णय टांगला गेला. हा निकष मूळ चाचणीने सिद्ध केलेला नव्हता, तो तिच्या आकड्यांतून नंतर वेचलेला होता; आणि बार्डी यांचा निकाल आल्यावर 2005 मध्ये तो काढून टाकला. क्यूआरएसच्या रुंदीचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी निघाला. हृदयाच्या दोन्ही बाजू एका वेळी ठोके देतील अशी व्यवस्था करणाऱ्या तीन तारांच्या पेसमेकरचा फायदा रुंद क्यूआरएस असलेल्यांना, त्यातही डाव्या बाजूची वीजवाहिनी अडलेल्यांना, ठळकपणे होतो. यंत्राचा फायदा आलेखावरून ओळखता येतो याचे पक्के उदाहरण आजवर हेच, आणि तेही झटका देण्याशी संबंधित नाही.

मग आला टी तरंगाचा हेलकावा, ज्यावर सर्वाधिक आशा होती. एका ठोक्याचा टी किंचित उंच, पुढच्याचा किंचित बुटका, पुन्हा उंच, पुन्हा बुटका, असा एकाआड एक बदल हृदयाच्या आलेखात 1910 च्या सुमारास हेरिंग आणि थॉमस लुईस यांच्या नजरेस आला होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले रिचर्ड कोहेन यांनी असे मांडले की हाच हेलकावा डोळ्यांना न दिसण्याइतका सूक्ष्म रूपात धोक्यातल्या हृदयांत आधीपासूनच असतो. सूक्ष्म म्हणजे किती, हे ईसीजीचा कागद हातात घेतल्याशिवाय उमगत नाही. कागदावर 10 मिलिमीटर उंची म्हणजे एक मिलिव्होल्ट. कोहेन यांच्या पद्धतीत हेलकावा 1.9 मायक्रोव्होल्ट भरला तर तो लक्षणीय मानला जाई. कागदावर ही उंची मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी होते. शाईची रेघच तिच्याहून कितीतरी जाड असते. म्हणून रुग्णाला ट्रेडमिलवर चालवून किंवा सायकलवर बसवून नाडी 110 च्या आसपास नेत, लागोपाठ 128 ठोके नोंदवत, आणि त्यांचे गणिती पृथक्करण करून एकाआड एक येणाऱ्या बदलाचा तेवढा भाग वेगळा काढत.

यामागचे शास्त्र भक्कम होते. आजारी पेशीत कॅल्शियमची ने-आण वेगवान नाडीला पुरी पडत नाही, त्यामुळे एक ठोका दीर्घ आणि दुसरा आखूड होतो. शेजारशेजारच्या भागांत हा क्रम उलटसुलट पडला की वीज एका बाजूला अडते, दुसरीकडून वळसा घेते आणि फिब्रिलेशनची ठिणगी पडते. 1994 मध्ये डेव्हिड रोझेनबॉम, कोहेन आणि सहकाऱ्यांनी 83 रुग्णांचा निकाल छापला. हेलकावा नसलेल्यांपैकी 94 टक्के वीस महिन्यांपर्यंत घातक लयबिघाडापासून सुरक्षित राहिले. हेलकावा असलेल्यांपैकी फक्त 19 टक्के. इतका स्वच्छ फरक या क्षेत्राने पाहिला नव्हता. पुढच्या दशकभर अनुकूल अभ्यास येत राहिले, आणि 2006 मध्ये मेडिकेअरने या चाचणीचा खर्च द्यायला मंजुरी दिली. चाचणीत हेलकावा नसेल तर यंत्र टाळता येईल, असे म्हटले जाऊ लागले.

व्यवहारात अडचणी होत्या. पुष्कळांना तेवढी नाडी गाठता येत नसे, काहींचे आगंतुक ठोके गणित बिघडवत, आणि असे अनिश्चित निकाल सोयीसाठी धोक्याच्या खात्यात जमा होत. खरी कसोटी 2008 मध्ये लागली. मास्टर या अभ्यासात मॅडिट-2 च्या निकषात बसणाऱ्या 575 जणांची आधी चाचणी केली, मग सगळ्यांनाच डिफिब्रिलेटर बसवला. हेलकावा असो वा नसो, यंत्राला झटके द्यावे लागण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. मृत्यू मात्र चाचणीत नापास झालेल्यांत दुप्पट होते. डायनामिटमध्ये दिसलेली गोष्टच इथे पुन्हा दिसली: खूण मृत्यू सांगत होती, यंत्र ज्याला अडवू शकते तो मृत्यू सांगत नव्हती. त्याच वर्षी बार्डी यांच्या चाचणीतल्या 490 रुग्णांवरचा उपअभ्यासही असाच फोल ठरला.

या निकालांवर एक रास्त आक्षेप घेतला गेला. यंत्राने दिलेला प्रत्येक झटका म्हणजे टळलेला मृत्यू नव्हे. बिघडलेली लय पुष्कळदा आपोआप सावरते, पण यंत्र तितका वेळ थांबत नाही. झटके मोजले की धोका फुगलेला दिसतो आणि चांगली चाचणीही निरुपयोगी भासते. आक्षेपात तथ्य आहे. 2012 च्या मॅडिट-आरआयटी चाचणीत यंत्राला थोडे अधिक थांबायला शिकवल्यावर अनावश्यक झटके खूपच घटले, आणि मृत्यूही कमी झाले. तरीही ज्या चाचणीच्या भरवशावर एखाद्याला यंत्र नाकारायचे, तिला शंकेला जागा ठेवून चालत नाही. टी तरंगाच्या हेलकाव्याची चाचणी नेहमीच्या वापरातून हळूहळू मागे पडली.

2016 मध्ये डेन्मार्कच्या चाचणीने प्रश्न पुन्हा तापवला. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा नसताना पंपिंग घटलेल्या 1116 रुग्णांत डिफिब्रिलेटरमुळे एकूण मृत्यू अर्थपूर्ण प्रमाणात कमी झाले नाहीत. औषधे सुधारली होती, जुन्या चाचण्यांचे आकडे जुने झाले होते, आणि केवळ पंपिंगवर विसंबणे आता अवघड होते.

यानंतरचा महत्त्वाचा प्रयत्न युरोपात झाला, आणि तो जुन्या चुकीतून शिकलेला होता. म्युनिकच्या संशोधकांनी टी तरंगाच्या दिशेचा अभ्यास केला होता. शरीराची ताणाची चेतासंस्था सुमारे दहा सेकंदांच्या किंवा त्याहून संथ लाटांनी काम करते. त्या लाटांबरोबर टी तरंगाची दिशाही डोलते, आणि आजारी हृदयात हे डोलणे वाढते. युरोपच्या 15 देशांतल्या 44 केंद्रांनी 2014 ते 2018 या काळात 1371 रुग्ण गोळा केले. त्यांतल्या 968 जणांना डिफिब्रिलेटर बसवला होता आणि 403 जण निकषात बसूनही यंत्राविना होते. यंत्र नसलेला गट असल्यामुळे विचारायला हवा होता तोच प्रश्न थेट विचारता आला: या खुणेने यंत्राचा फायदा बदलतो का? 2019 मध्ये आलेले उत्तर होकारार्थी होते. डोलणे कमी असलेल्यांत एक जीव वाचवण्यासाठी 18 जणांना यंत्र लावावे लागे. जास्त असलेल्यांत तिघांना. पण कोणाला यंत्र द्यायचे हे इथे चिठ्ठी टाकून ठरले नव्हते, आणि जास्त डोलणाऱ्यांचा गट केवळ 199 जणांचा होता. अशा एका अभ्यासावर कोणाला यंत्र नाकारणे योग्य नाही.

अटॅकनंतरच्या सुमारे 1 लाख 40 हजार रुग्णांची माहिती एकत्र करून युरोपीय गटाने अलीकडे पाहिले तेव्हा पंपिंगच्या आकड्यावरून आकस्मिक मृत्यूचा अंदाज फारच अंधूक बांधता येतो असे दिसले. इतर वैद्यकीय माहिती आणि नेहमीचा ईसीजी जोडूनही तो फारसा सुधारला नाही. त्यावरून आधुनिक औषधे घेणाऱ्या, अटॅक येऊन गेलेल्या कमी पंपिंगच्या रुग्णांना डिफिब्रिलेटर न बसवणे सुरक्षित आहे का, हे चिठ्ठी टाकून तपासणारी प्रॉफिड नावाची चाचणी युरोपात हाती घेण्यात आली. दरम्यान युरोप आणि अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांत कमकुवत हृदयासाठी डिफिब्रिलेटरचा मुख्य निकष 35 टक्के पंपिंग हाच आहे. अटॅक येऊन गेलेल्यांसाठी युरोपच्या सूचना तो ठामपणे मांडतात, रक्तवाहिन्या मोकळ्या असलेल्यांसाठी काहीशा सावधपणे.